विश्वाच्या जन्माचं गणित फळ्यावर मांडणारे शिक्षक : प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर



पाचवीला परिसर अभ्यासात सूर्यमालेचा धडा सुरू केला की एक प्रश्न हमखास येतो. सूर्य कळला, ग्रह कळले, तारे पण कळले, पण मॅडम, हे सगळं आलं कुठून? एखादं चुणचुणीत मूल त्याच्याही पुढे जातं आणि विचारतं, त्याच्या आधी काय होतं? आपण बहुतेक वेळा महास्फोट झाला, बिग बँग झाला एवढं सांगतो आणि पान उलटतो, कारण चाचणीच्या आत पाठ संपवायचा असतो.

या उत्तरामागे माणसं आहेत आणि त्यातली काही आपल्या मराठी मातीतली आहेत. नारळीकर हे नाव घेतलं की सगळ्यांना डॉ. जयंत नारळीकर आठवतात. साहजिकच आहे. त्यांची पुस्तकं आपण वाचली, मुलांना वाचायला दिली. पण आजचा लेख त्यांच्या वडिलांवर आहे. प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर यांची ओळख आज जयंतरावांचे वडील एवढीच उरली आहे. खरं तर आपल्या देशात आइनस्टाइनचा सापेक्षता सिद्धांत वर्गात नेऊन शिकवणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक होते. आणि मुख्य म्हणजे ते आयुष्यभर शिक्षक होते.

जन्म आणि शिक्षण

विष्णु नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूरला झाला. गणितात डोकं लहानपणापासून तल्लख. पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईला गेले आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली बी.एस्सी. झाले. त्याच वर्षी केंब्रिजला जायचं ठरलं.

आज मुलं परदेशी शिकायला जातात तेव्हा बँकेचं कर्ज असतं, रोज व्हिडिओ कॉल असतो. १९२८ मध्ये यातलं काहीच नव्हतं. बोटीचा प्रवास काही आठवड्यांचा. घरून निघालेलं पत्रसुद्धा तितक्याच दिवसांनी हातात पडायचं. पैशाचा प्रश्न तर मोठाच. हुशार भारतीय मुलांना परदेशात शिकता यावं म्हणून जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये जे. एन. टाटा एंडोमेंट हा निधी सुरू केला होता. विष्णु नारळीकरांना त्याची मदत मिळाली.

केंब्रिजची गणिताची परीक्षा म्हणजे ट्रायपॉस. त्यात पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द रँग्लर परांजपे यांच्यामुळे घरोघरी पोचला. नारळीकर १९३० साली विशेष प्रावीण्यासह रँग्लर झाले. खगोलशास्त्रातल्या यशासाठी त्यांना टायसन पदक मिळालं. पुढे आयझॅक न्यूटन स्टुडंटशिप आणि रॅले पारितोषिकही मिळालं. कोल्हापूरचा एक मुलगा चार वर्षांत केंब्रिजमध्ये इथवर पोचला होता.

केंब्रिजमधली ती चार वर्षं

१९२८ ते १९३२ हा काळ नीट लक्षात घ्या. मानवाची विश्वाबद्दलची समजूत बदलली ती नेमकी याच काळात.

त्याआधी काय समजत होते? विश्व कायम असंच होतं आणि असंच राहणार. आइनस्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणं मांडली. १९१७ मध्ये त्यांनी ती संपूर्ण विश्वाला लावून पाहिली, तर विश्व स्थिर राहीना. म्हणून त्यांनी समीकरणात एक जास्तीचं पद घातलं आणि विश्वाला जबरदस्तीने जागेवर बसवलं. १९२२ मध्ये रशियाच्या फ्रीडमन यांनी दाखवलं की विश्व प्रसरण पावू शकतं. १९२७ मध्ये बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी तेच स्वतंत्रपणे मांडलं आणि आकाशातल्या निरीक्षणांशी जोडून दाखवलं. लमेत्र हे धर्मगुरू होते आणि गणितज्ञही. पण त्यांचा निबंध फ्रेंच भाषेत, फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापला होता. कुणी लक्ष दिलं नाही.

१९२९ मध्ये अमेरिकेत एडविन हबल यांनी २४ दीर्घिकांची अंतरं आणि त्यांचे वेग शेजारी शेजारी मांडून पाहिले. दीर्घिका जितकी लांब, तितकी ती जास्त वेगाने आपल्यापासून दूर जाते, असं त्यातून दिसलं. हे वेग प्रकाशावरून कळतात. रेल्वे फाटकापाशी उभं राहिलं की जवळ येणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की तोच सूर उतरतो, तसंच काहीसं. दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकतो.

त्या वेळी केंब्रिजमध्ये आर्थर एडिंग्टन हे खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१९ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी आइनस्टाइनचं भाकीत तपासून पाहणारे तेच. १९३० मध्ये एडिंग्टन आणि त्यांचे सहकारी विश्व स्थिर राहू शकतं का, या प्रश्नावर काम करत होते. हे कळल्यावर लमेत्र यांनी त्यांना पत्र लिहून आठवण करून दिली की याचं उत्तर आपण तीन वर्षांपूर्वीच छापलं आहे. गंमत म्हणजे लमेत्र हे १९२३-२४ मध्ये एडिंग्टन यांच्याच हाताखाली शिकलेले होते. मग गुरूने आपल्या विद्यार्थ्याचं काम जगासमोर आणायचं मनावर घेतलं आणि १९३१ मध्ये तो निबंध इंग्रजीत छापला गेला. त्याच वर्षी लमेत्र एक पाऊल पुढे गेले. विश्व पसरत असेल तर मागे जाताना ते लहान लहान होत जाईल, म्हणजे कधीतरी सगळं एका आदिम अणूत सामावलेलं असणार, असं त्यांनी मांडलं. आपण आज ज्याला बिग बँग म्हणतो, त्याचं हे पहिलं रूप. विश्वाला सुरुवात होती ही कल्पना मात्र एडिंग्टन यांना रुचली नाही.

हे सगळं घडत होतं तेव्हा विष्णु नारळीकर तिथेच होते, एडिंग्टन यांच्यासारख्या शिक्षकांच्या सहवासात. जो विषय अजून कुठल्याच पाठ्यपुस्तकात आला नव्हता, तो ते समोर घडताना पाहत होते.

थोडं वर्गासाठी : इलास्टिक आणि टिकल्या

इथे थोडं थांबून एक कृती सांगते. महास्फोट या शब्दामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर दिवाळीचा सुतळी बॉम्ब येतो. मोकळी जागा, मधोमध बॉम्ब आणि चारी बाजूंना उडालेले तुकडे. मग विचारतात, तो फुटला कुठे? ती जागा आता दाखवता येईल का?

शिवणकामाचं एक रुंद इलास्टिक घ्या. त्यावर दोन-दोन सेंटिमीटरवर पाच टिकल्या चिकटवा. पहिल्या टिकलीपासून दुसरी २ सेंमी आणि पाचवी ८ सेंमी अंतरावर असेल. आता दोन मुलांना दोन्ही टोकं धरून ते दुप्पट ताणायला सांगा. दुसरी टिकली आता ४ सेंमीवर आली, म्हणजे २ सेंमी लांब गेली. पाचवी १६ सेंमीवर आली, म्हणजे ८ सेंमी लांब गेली. वेळ तेवढाच लागला. जी जास्त लांब होती ती जास्त वेगाने दूर गेली. हबल यांना हेच दिसलं होतं. आता मुलांना मधल्या टिकलीवर बसल्याची कल्पना करायला सांगा आणि पुन्हा मोजायला लावा. तिथूनही सगळ्या टिकल्या लांबच जाताना दिसतात. म्हणजे कुठलीच टिकली मध्यबिंदू नाही. टिकल्या जागच्या हललेल्या नाहीत, त्यांच्यामधलं इलास्टिक ताणलं गेलं. विश्वात दीर्घिकांमधली जागाच अशी ताणली जाते. म्हणून तो स्फोट अमुक ठिकाणी झाला असं बोट ठेवून दाखवता येत नाही.

पट्टी आणि वही घेऊन पाचवीची मुलं हे सहज करतात, आणि मोजलेलं त्यांच्या लक्षात राहतं.

केंब्रिजहून काशीला

१९३२ मध्ये नारळीकरांसमोर दोन वाटा होत्या. वय जेमतेम तेवीस-चोवीस. हातात केंब्रिजची मोठमोठी पारितोषिकं. विषय नवा आणि जोरात वाढणारा. संशोधनात नाव कमवायचं तर तिकडेच राहायला हवं होतं.

पण पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना बनारस हिंदू विश्वविद्यालयात बोलावलं. १९१६ मध्ये स्थापन झालेलं हे विश्वविद्यालय मालवीयजींनी देशभर फिरून, देणग्या गोळा करून उभं केलं होतं. त्यांना तरुण, हुशार शिक्षक हवे होते. नारळीकर तिथे गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि १९६० पर्यंत, म्हणजे सलग २८ वर्षं, तिथेच राहिले.

या निर्णयाची किंमत काय होती, याचा विचार आपण शिक्षकांनी करायला हवा. इंग्लंडमधली नियतकालिकं बोटीने यायची. ती हातात पडेपर्यंत तिकडे चर्चा पुढे गेलेली असायची. शेजारच्या खोलीत जाऊन शंका विचारावी असा एडिंग्टन नव्हता. त्यात विभागाचं काम आणि रोजचे तास. आपलं सर्वांत चांगलं वय त्यांनी दुसऱ्यांची तयारी करून घेण्यात घालवलं.

आणि ती तयारी झाली. बनारसला सापेक्षता सिद्धांताचा अभ्यास करणाऱ्यांचा एक गटच उभा राहिला. नारळीकर आणि त्यांचे सहकारी के. आर. करमरकर यांनी चाळिशीच्या दशकात अवकाशाच्या वक्रतेवर केलेलं काम संशोधक आजही वापरतात. करमरकर यांच्या नावाची एक अट या विषयाच्या निबंधांत अजूनही भेटते.

बचतीवर शिकायला आलेला विद्यार्थी

यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांची. १९४२ साल. देशात चले जाव आंदोलनाची धामधूम. गुजरातचे हे तरुण गणिताचे पदवीधर पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन बनारसला नारळीकर सरांकडे आले. नोकरी नव्हती. जवळ होती ती थोडीफार बचत. ती संपेपर्यंत सरांकडे शिकायचं, एवढाच बेत.

सरांनी त्यांना एक खरा प्रश्न दिला. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं गणित श्वार्झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये सोडवलं होतं. पण त्यात तारा प्रकाश देत नाही असं धरलं होतं. खरा तारा तर सतत जळतो, प्रकाश फेकतो आणि त्यामुळे त्याचं वस्तुमान कमी होत जातं. मग अशा ताऱ्याभोवतीचं गणित कसं मांडायचं? वैद्य यांनी ते सोडवलं आणि १९४३ मध्ये छापलं. आज जगभर ते वैद्य यांच्या नावाने ओळखलं जातं. सुरुवातीला त्याचा उपयोग फारसा कुणाला दिसला नाही. १९६३ मध्ये क्वेसार नावाचे प्रचंड तेजस्वी खगोल ओळखले गेले आणि एकदम या गणिताचं महत्त्व वाढलं. वीस वर्षांनी!

वैद्य पुढे गुजरातेत गणित शिक्षणाचं मोठं काम करत राहिले. मुलांसाठी, शिक्षकांसाठी गुजराती भाषेत गणित नेलं. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला काही महिने दिले आणि त्यातून एवढं झालं. विद्यार्थ्याला सोपा, सुटणारा प्रश्न न देता कुणीच न सोडवलेला प्रश्न द्यायला त्या विद्यार्थ्यावर विश्वास लागतो. निबंधावर नाव वैद्य यांचं लागलं, हे पण लक्षात घेण्यासारखं.

घरातले दोन फळे

नारळीकरांच्या पत्नी सुमतीबाई कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातल्या, संस्कृतच्या विदुषी. त्यांचे भाऊ वि. शं. हुजूरबाजार पुढे नामवंत संख्याशास्त्रज्ञ झाले. १९ जुलै १९३८ ला थोरले चिरंजीव जयंत यांचा जन्म झाला. दोन्ही मुलगे बनारसच्या विश्वविद्यालयाच्या आवारातच वाढले.

वडिलांनी घरात मुलांसाठी भिंतीवर दोन फळे लावून दिले होते. मुलांनी त्यावर हवं ते लिहावं, खरडावं, गणितं करावीत. पुढे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, एम.एस्सी.साठी त्यांच्याकडे राहायला आले. भाच्याला गणिताची आवड आहे हे त्यांनी हेरलं आणि फळ्यावर जयंतसाठी आव्हान म्हणून एखादं कोडं लिहून ठेवायला सुरुवात केली. जोवर भाचा ते सोडवत नाही किंवा हार मानत नाही, तोवर ते पुसलं जायचं नाही. शाळेच्या पुस्तकाशी त्या कोड्याचा काही संबंध नसायचा आणि त्याला मार्कही नसायचे. जयंतराव मोठेपणी ही आठवण नेहमी सांगत.

पालकांना माझी विनंती आहे की या फळ्याचा विचार करा. आपल्याकडे भिंत खराब होते म्हणून मुलांना ओरडा बसतो. काळा रंग दिलेला प्लायवूडचा तुकडा आणि खडूची पेटी फार महाग नाही. फळा मिळाला की मूल आपलं चुकलेलं पण बिनधास्त लिहितं. वहीत तसं लिहायला ते घाबरतं, कारण तिथे लाल शेरा पडतो.

मुलगा उभा राहिला समोरच्या बाजूला

१९५७ मध्ये जयंत केंब्रिजला गेले. तेही रँग्लर झाले, त्यांनाही टायसन पदक मिळालं. एकच पदक बापलेकाने तीस वर्षांच्या अंतराने मिळवलं. मग ते फ्रेड हॉइल यांच्याकडे संशोधनाला लागले आणि इथे गोष्ट वळण घेते.

हॉइल बिग बँगचे कट्टर विरोधक. बिग बँग हे नावच मुळी त्यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात वापरलं आणि ते जगभर पसरलं. त्यांच्या विरोधाला कारणही होतं. हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचं वय सुमारे २०० कोटी वर्षं निघत होतं आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत होते. आईपेक्षा लेक मोठी, असला हा हिशेब. म्हणून १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व पसरतं, पण पसरताना थोडं थोडं नवं द्रव्य तयार होत राहतं, त्यामुळे ते कायम सारखंच दिसतं. त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही. जयंत नारळीकर हॉइल यांच्याबरोबर याच बाजूने उभे राहिले. १९६४ मध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि पुढच्याच वर्षी जयंतरावांना पद्मभूषण मिळालं.

म्हणजे पाहा, वडिलांनी आयुष्यभर आइनस्टाइनची जी समीकरणं शिकवली, त्यांतूनच बिग बँग निघतो. मुलाने त्याच बिग बँगला आव्हान दिलं, आणि त्याच समीकरणांच्या पुढे जाऊ पाहिलं.

निकाल कुठल्या बाजूने लागला? हबल यांची अंतरं कमी धरली गेली होती, हे पन्नाशीच्या दशकात कळलं आणि वयाचा घोळ हळूहळू सुटत गेला. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येऊ लागली. आकाशाच्या कुठल्याही दिशेला फिरवा, ती थांबेना. तो होता विश्वाच्या तापलेल्या बालपणातला उरलेला प्रकाश, आता थंड होऊन उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास आलेला. जुन्या टीव्हीवर चॅनल नसताना ज्या मुंग्या यायच्या, त्यातही त्याचा अगदी थोडा वाटा असायचा. या शोधानंतर बहुतेक शास्त्रज्ञांनी बिग बँग मान्य केला. आज विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं मानलं जातं. जयंतराव मात्र शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले आणि त्यांनी पर्यायी मांडणी सोडली नाही.

मुलांना हे सगळं सांगावं असं मला वाटतं. बिग बँग हा पुरावे तपासून स्वीकारलेला सिद्धांत आहे, हे स्पष्ट सांगावं. पण त्याला हरकत घेणारा मूर्ख नव्हता, त्याच्याकडे कारणं होती आणि त्याच्या हरकतींमुळे पुरावे आणखी कसून तपासले गेले, हेही सांगावं. त्याच्या आधी काय होतं, असं विचारणाऱ्या मुलाला याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही, हे सांगण्यात शिक्षकाचा कमीपणा नाही.

उत्तरायुष्य

१९६० मध्ये विष्णु नारळीकरांनी बनारस सोडलं. पुढे ते राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून अजमेरला राहिले. पण शिकवण्याची ओढ सुटली नाही. नंतर पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळकांच्या नावाच्या अध्यासनावर ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९६९ मध्ये सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षणाच्या भारतीय अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. १९३२ मध्ये हा विषय घेऊन परत आले तेव्हा त्याचे अभ्यासक देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आता त्यांची संघटना झाली होती.

जयंतराव १९७२ मध्ये भारतात परतले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही संस्था उभी राहिली. वडिलांना हे सगळं पाहायला मिळालं. १ एप्रिल १९९१ रोजी त्यांचं निधन झालं.

प्रा. विष्णु नारळीकरांच्या नावावर एखादा गाजलेला सिद्धांत नाही, म्हणून पाठ्यपुस्तकात त्यांचा धडा नाही. त्यांचं काम वैद्य यांच्या गणितात आहे आणि बनारसच्या २८ वर्षांच्या विद्यार्थ्यांमध्ये आहे. आपल्यापैकी बहुतेकांचं कामही असंच दुसऱ्यांच्या नावाने ओळखलं जाणार आहे. सूर्यमालेच्या धड्याच्या वेळी इलास्टिक आणि टिकल्यांची कृती जरूर करून पाहा. आणि वर्गातल्या फळ्याचा एक कोपरा आठवडाभर एका न सुटलेल्या कोड्यासाठी मोकळा ठेवा. मूल सोडवेपर्यंत ते पुसू नका.